शिडी धरणाऱ्याच्या बाजूने

मे महिना कलायला लागला की कोकणात आंबे, फणस आणि स्वावलंबनाचा उपदेश एकाच सुमारास पिकतात. पहिल्या दोघांना निदान पैसे मोजावे लागतात, तिसरा फुकट मिळतो. एसटीच्या थांब्यावर, लग्नाच्या मांडवात, सोसायटीच्या खतासाठी लागलेल्या रांगेत, कुठेही कुणीतरी निवृत्त गृहस्थ सुरू होतात : "पन्हळ साफ करायला माणूस कशाला हवा? घर आपलं, छप्पर आपलं. शिडी लावायची, वर जायचं, अर्ध्या तासात मोकळं. आमचे वडील सत्तरीतही कौलांवर चढायचे. हल्लीच्या पोरांना बल्ब बदलायलासुद्धा वायरमन लागतो." ऐकणारे माना डोलावतात. स्वतःचं काम स्वतः करावं, याला नाही कोण म्हणणार?

मी म्हणतो. घरातलं जे काम जमिनीवर उभं राहून होतं ते घरच्यांनी करावं, त्यात गड्याची वाट पाहू नये, इथवर मी त्या गृहस्थांच्या बरोबर आहे. पण शिडी लावावी लागली की ते काम त्या कामाच्या माणसाचं. त्याला बोलवावं, त्याचे पुरते पैसे द्यावेत, सोबतीला दुसरा माणूस द्यावा आणि आपण खाली राहावं. या म्हणण्याला आळशीपणा म्हणतात, शहरीपणा म्हणतात, आणि अलीकडे त्याहून जड आरोपही होतो : स्वतःच्या जिवाला जपून गरिबाला वर चढवता! हा शेवटचा आरोप मी हसून सोडून देणार नाही. पण आधीच्यांचा हिशेब झालेला बरा.

काम काय आहे ते पाहू, कारण उपदेश करणाऱ्यांतल्या बऱ्याच जणांनी पन्हळ खालूनच पाहिलेली असते. रत्नागिरी-सिंधुदुर्गात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, आंबोलीत त्याच्या दुपटीहून जास्त. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. छपराखालची जागा सव्वाशे चौरस मीटर असेल आणि दिवसभरात शंभर मिलिमीटर पाऊस झाला, जे आमच्याकडे जुलैत कुणी बोलूनही दाखवत नाही, तर साडेबारा हजार लिटर पाणी त्या छपरावरून खाली येतं. हे सगळं वीतभर रुंदीच्या पन्हळीतून आणि चार इंची पाइपातून जायचं असतं. त्या पाइपाच्या तोंडावर फणसाचं एक पिकलं पान आडवं पडतं. त्यावर आंब्याच्या सुकलेल्या मोहोराचा भुगा, शेवरीचा कापूस, माकडांनी फोडलेल्या कौलाच्या खापऱ्या, कावळ्याने कुठूनतरी आणून टाकलेलं हाड. बोळा घट्ट बसतो. पाणी पुढच्या कडेवरून सांडलं तर फार तर अंगणात चिखल होईल. पण पन्हळीची पुढची कड मागच्या कडेपेक्षा उंच बसली असेल तर पाणी मागे वळतं, वाशांच्या टोकांना लागतं आणि भिंतीच्या माथ्यावर उतरतं. मातीच्या भिंतीचे पोपडे सुटतात, चिऱ्याची भिंत आतून ओल धरते, आणि वाशांची टोकं कुजत जातात ती कौलं उतरवेपर्यंत कळतही नाहीत. साचलेल्या पाण्यात डास होतात ते वेगळंच. डेंग्यूचा डास असल्याच साध्या साचलेल्या पाण्यात अंडी घालतो, आठ-दहा दिवसांत अंड्याचा डास होतो, आणि पाणी आटलं तरी ती अंडी कित्येक महिने तग धरतात. तेव्हा पन्हळ आगोटीला एकदा आणि श्रावणात उघडीप मिळाली की पुन्हा एकदा साफ व्हायला हवी. यावर वाद नाहीच. वाद आहे तो वर कुणी जायचं याचा.

आता ते सत्तरीतले वडील. जुन्या कोकणी घरांना पन्हळ फारशी नसायचीच. दोन पाख्यांच्या सांध्यात एखादी पत्र्याची, नाहीतर पोफळ चिरून केलेली. बाकी वळचणीचं पाणी पागोळ्यांनी सरळ खाली. छपराच्या कडा भिंतीपासून लांब पुढे काढलेल्या, जोतं उंच आणि पागोळ्या पडतात तिथे दगड किंवा चर, हे सगळं त्यासाठीच असायचं. घराला चारी बाजूंनी फिरणारी पन्हळ आली ती बरीच अलीकडे : अंगणात सिमेंट पडलं तेव्हा, पडवीवर पत्रा चढला तेव्हा, आणि पावसाचं पाणी टाकीत साठवायची कल्पना गावात पोहोचली तेव्हा. जी वस्तू आजोबांनी घराला लावलीच नव्हती ती ते दर वर्षी स्वतः साफ करत असत, हे ऐकायला छान असलं तरी पटायला कठीण आहे.

बरं, पन्हळ सोडा, छपरावर चढत असतील. पण कोण चढत असे? नळे परतायचे, छप्पर शाकारायचं म्हणजे एकट्याचं काम कधीच नव्हतं. शेतकऱ्यांच्या वाडीत माणसं एकमेकांकडे जात; आज तुझं घर, उद्या माझं, आणि दुपारचं जेवण ज्याचं घर त्याच्याकडे. वर जाणारा तरणा, खालून नळे देणारा दुसरा, म्हातारा माणूस फुटके-धड निवडायला. यात वय आणि काम यांची वाटणी होती आणि ती चोख होती. आणि ज्या मोठ्या चौसोपी घरांच्या आठवणी आज कौतुकाने छापून येतात, त्या घरांवर चढत ती कुळं आणि गडी. खोताच्या वेठीच्या कामांत छपराची कामंही येत; तिथे नाही म्हणायची सोय नव्हती आणि रोजही मिळत नव्हता. खोती नष्ट करण्याचं विधेयक डॉ. आंबेडकरांनी 1937 मध्ये मुंबई कायदेमंडळात मांडलं, आणि ती बंद करणारा कायदा व्हायला 1949 साल उजाडलं. म्हणजे ‘आमचे वडील चढायचे’ या वाक्याचा अर्थ बऱ्याच घरांत ‘आमचे वडील ओटीवर सुपारी कातरत बसायचे आणि वरच्याला, तो डावीकडचा नळा बघ रे, असं सांगायचे’ एवढाच होतो. त्या काळाशी आपला फरक करायचाच असेल तर तो वरच्या माणसाला योग्य मजुरी देऊन करता येतो. त्याच्या जागी स्वतः चढलं म्हणून वेठीचं पाप फिटत नाही.

इतिहास हाताला लागेनासा झाला की गांधीजींना बोलावण्यात येतं. सफाईत कमीपणा मानू नये, स्वतःच्या हाताने करावी, हे गांधीजींनी सांगितलं, विनोबांनी सांगितलं, सेनापती बापटांनी रस्ते झाडून दाखवलं. कबूल. पण त्यांचा रोख कशावर होता? घाण काढणं काही जातींच्या माथी मारलेलं होतं आणि बाकीचे त्या कामाला आणि ते करणाऱ्याला शिवत नव्हते. तो विटाळ मोडायला झाडू हातात घेणं भाग होतं. पन्हळीतल्या आंब्याच्या पानांचा कुणाला विटाळ होत नाही. ते काम आपण दुसऱ्याला देतो ते उंचीवर आपला तोल राहत नाही म्हणून. गाडगेबाबांच्या हातात खराटा होता, शिडी नव्हती. आणि ज्यांना हा वारसा खरोखरच चालवायचा आहे त्यांच्यासाठी घरासमोरचं गटार आहे. ते जमिनीवर आहे, बारा महिने तुंबलेलं आहे, आणि तिथे मात्र हेच गृहस्थ ग्रामपंचायतीच्या माणसाची वाट बघत नाकाला रुमाल लावून उभे असतात.

पैशाचं म्हणणं सोपं असतं : अर्ध्या तासाचे हजार रुपये कशाला? अर्धा तास लागत नाही, ते पुढे येईलच. पण हजार रुपये वाचवणाऱ्याने वजाबाकीची दुसरी बाजूही मांडावी. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे जगात दर वर्षी 6 लाख 84 हजार माणसं पडून मरतात. अपघाती मृत्यूंत रस्त्यावरच्या अपघातांच्या खालोखाल हाच क्रमांक लागतो, आणि पडून मरणाऱ्यांत साठीपुढची माणसं सर्वांत जास्त. सगळी काही शिडीवरून पडत नाहीत. कितीतरी न्हाणीघरात घसरतात. पण ज्या वयात न्हाणीघराची फरशी धोक्याची होते त्या वयाच्या माणसाने बारा फुटांवर शेवाळलेल्या कौलाशी झटापट करावी, हा सल्ला कुठल्या हिशेबात बसतो? आणि आमच्या भागात पडण्याला भूगोलही आहे. पाय मोडला तर तालुक्याच्या ठिकाणी निभावतं. डोक्याला मार लागला की घरचे ‘बांबोळीला न्या’ म्हणतात, आणि कुडाळ-मालवणकडून गोव्याचं ते इस्पितळ गाठायला गाडी लगेच मिळाली तरी दोन तास जातात. ते दोन तास रुग्णवाहिकेत बसून ज्यांनी मोजले आहेत त्यांच्यापुढे हजार रुपयांची गोष्ट काढून पाहावी.

परदेशातल्या मुलांचाही या उपदेशात वाटा आहे. न्यू जर्सीतून किंवा मेलबर्नहून व्हिडिओ येतो : मुलगा हातमोजे घालून पन्हळीतली शरदातली पानं काढतोय, खाली सून हसतेय, आणि सोबत ‘बाबा, इकडे सगळे स्वतःच करतात’. तिकडे मजुरी महाग, छपराची उंची बहुधा बेताची आणि शिडी मोजूनमापून केलेली असते. शिडीचे नियमही तिथे पाठ असतात : चार फूट उंचीला पाया एक फूट बाहेर, शिडीचं टोक कडेच्या वर तीन फूट, दोन हात आणि दोन पाय यांतले तीन कायम टेकलेले. आणि इतकं असूनही शिडीवरून पडून दवाखान्यात येणाऱ्यांत निवृत्त पुरुषांचाच भरणा मोठा, असं ऑस्ट्रेलियातले डॉक्टर वारंवार लिहीत आले आहेत. आपल्याकडे व्हिडिओ पोहोचतो, नियम पोहोचत नाहीत. बाबा भिंतीला टेकवून ठेवलेली, रंगाऱ्याने विसरलेली शिडी उचलतात.

‘हल्लीची माणसं नीट काम करत नाहीत, त्यापेक्षा आपण केलेलं बरं’ या तक्रारीत मात्र तथ्य आहे. कचरा काढायच्या ऐवजी सळईने पाइपात ढकलणारे, चार कौलं फोडून ती उलटी ठेवून जाणारे, पन्हळीच्या मधला भाग सोडून दोन्ही टोकं चकचकीत करणारे, असे महाभाग आहेत. पण वाईट कामावरचा उपाय चांगला कामगार शोधणं हा असतो. दात काढणारा धसमुसळा निघाला म्हणून कुणी आरशासमोर पक्कड घेऊन बसत नाही.

चांगला माणूस कसं काम करतो ते एकदा खाली उभं राहून नीट बघावं. आमच्याकडे येणारा गडी सकाळी सातला येतो, कौलं तापायच्या आत. आल्या आल्या चढत नाही. घराला एक फेरी मारतो. विजेच्या खांबावरून येणारी तार वळचणीला कुठे लागते ते बघतो, आणि त्या बाजूला शिडी लावत नाही. शिडी त्याची स्वतःची, बांबूची. ॲल्युमिनियमची दिली तर तारेकडे बघून नको म्हणतो. पाराईने जमिनीत चार-चार बोटं खोल दोन खळगे काढतो, त्यांत शिडीचे पाय बसवतो, मग वर जाऊन पहिलं काम करतो ते शिडीचं टोक सुंभाने वाशाला बांधायचं. पाय अनवाणी. कौलाच्या मध्यावर तो कधी पाय देत नाही; खालच्या कडेला, जिथे एक कौल दुसऱ्यावर चढतं आणि खाली रीप असते, तिथेच पावलाचा पुढचा भाग टेकतो. कौल कुठे वाजतं आणि कुठे बद्द बोलतं ते त्याला पायाने कळतं. पन्हळीपाशी पोहोचल्यावर कचऱ्याला हात लावायच्या आधी पाइपाच्या तोंडात गोणपाटाचा बोळा कोंबतो, म्हणजे काही आत जात नाही. मग करवंटी काढतो. पत्र्याच्या पन्हळीच्या पोटात करवंटी जशी फिरते तसा कुठलाही खुरपा फिरत नाही, आणि पत्र्यावर ओरखडा उठत नाही. गाळ कमरेला बांधलेल्या पिशवीत. कौलाखाली हात घालायचा झाला तर आधी काठीने दोन ठोके, कारण कोकणातला लाल विंचू हा थट्टेचा विषय नाही, महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिनचा उपाय रुजवेपर्यंत त्याच्या दंशाने धडधाकट माणसं दगावत. सगळं झाल्यावर बोळा काढून तो दोन बादल्या पाणी मागतो. दोरीने वर घेतो, पन्हळीच्या वरच्या टोकाला सावकाश ओततो आणि ओणवून बघत राहतो. गेल्या वर्षी मधेच एका जागी बोट ठेवून म्हणाला, "हय पाणी रवता. आकडी बदलूक व्हयी." पन्हळ धरणारी लोखंडी आकडी गंजून खाली बसली होती. खालून ते दहा वर्षं दिसलं नसतं.

मी त्याला वर येऊ का म्हणून विचारलं होतं, शिष्टाचार म्हणून. तो म्हणाला, "काकानू, तुमी खालीच रवा. शिडी धरा, तां मोठां काम."

हे अर्ध्या तासात होत नाही, अर्धी सकाळ जाते. आणि काम नीट झालं की नाही हे तपासायला मालकाला वर जावं लागतच नाही. बादलीभर पाणी ओतायला सांगावं आणि आपण पाइपाच्या खालच्या तोंडाशी उभं राहावं. पाणी धार धरून आलं तर काम झालं. ठिबकत आलं तर पैसे द्यायच्या आधी पाइप मोकळा करून घ्यावा.

आता तो जड आरोप. जे काम तुम्हाला जिवावरचं वाटतं ते तुम्ही हजार रुपये फेकून गरिबाकडून करून घेता. त्याचा जीव स्वस्त आहे का? याला सरळ उत्तर दिलं पाहिजे, कारण आपल्याकडे जीव स्वस्त मानूनच कितीतरी कामं चालतात. पुण्या-मुंबईत चौथ्या मजल्यावरच्या खिडकीच्या कठड्यावर उभी राहून बाहेरून काच पुसणारी घरकामाची बाई पाहिली की माझ्याही पोटात गोळा येतो. तिला तिथे उभं करणाऱ्या घरात कुणाला त्याची शरमसुद्धा वाटत नाही. त्यामुळे ‘पैसे दिले, विषय संपला’ असं माझं म्हणणं नाही.

माझं म्हणणं असं की एकाच शिडीवर सगळ्यांना सारखा धोका नसतो. वर्षातून एकदा चढणारा साठीचा माणूस, ज्याला रक्तदाबाची गोळी चालू आहे आणि ज्याचा चष्मा दुहेरी भिंगाचा आहे, तो खाली बघतो तेव्हा शिडीची पायरी त्याला आहे तिथे दिसत नाही. लहानपणापासून माडावर, पोफळीवर, छपरावर वावरलेल्याचे पाय वेगळे असतात. पण त्याचाही धोका शून्य नाही. आणि तो किती राहील हे बरंचसं मालकाच्या वागण्यावर ठरतं. इथे मी त्या जड आरोपाची दिशा बदलतो. माणूस बोलावणं हा गुन्हा नव्हे. बोलावून त्याच्याशी कसं वागता तिथे गुन्हा घडतो.

पाहा. आभाळ भरून आल्यावर, पहिला वळीव कोसळल्यावर फोन करायचा, म्हणजे त्याने ओल्या कौलांवर चढायचं. दोन माणसांचा रोज सांगितला की ‘एकट्याने होतं रे’ म्हणून दुसऱ्याचे पैसे कापायचे, म्हणजे शिडी धरायला कुणी नाही. ठरलेलं काम झालं की ‘वर आहेसच तर तेवढी फांदी पण तोड’, म्हणजे एका हातात कोयता. पडवीवरचा सिमेंटचा पत्रा कुठे तडकलाय हे आपल्याला ठाऊक असतं, ते सांगायचं राहून जातं. हा पत्रा फार फसवा. वरून अखंड दिसतो आणि माणसाचं वजन आलं की काही न सांगता फुटतो. त्यावर जायचंच झालं तर बोल्टांच्या ओळीवरून, खाली आधार असतो तिथूनच, तेही फळी टाकून. जुना असेल तर त्यात ॲस्बेस्टॉस असतं, तेव्हा तो कोरडा खरवडून साफ करायला सांगणं हे त्याच्या फुप्फुसांवर घेतलेलं कर्ज आहे. यातली प्रत्येक गोष्ट मालकाच्या हातातली आहे. स्वतः वर चढून यातली एकही सुटत नाही. फक्त पडणारा माणूस बदलतो.

आणि गरिबाच्या जिवाची काळजी म्हणून त्याचं काम काढून घेणाऱ्यांनी त्याला एकदा विचारावं. मे महिन्यातल्या या कामांचे पैसे म्हणजे त्याच्या घरी भाताचं बियाणं, खत, पोरांच्या वह्या आणि जूनमधले कामाविना जाणारे दिवस. आपण उदार मनाने स्वतः चढलो तर त्याचा धोका कमी होत नाही, कारण तो शेजारच्या घरावर चढतोच. आपल्याकडचा रोज तेवढा बुडतो. ही दया त्याला परवडणारी नाही. त्याची खरीच फिकीर असेल तर ती दाखवायच्या जागा आहेत. पंतप्रधान सुरक्षा विमा योजनेत बँकेच्या खात्यातून वर्षाला 20 रुपये कापले जातात आणि अपघाती मृत्यूला दोन लाखांचं संरक्षण मिळतं. अठरा ते सत्तर वयाच्या खातेदाराला ती घेता येते. तुमच्याकडे येणाऱ्या माणसाने ती घेतली आहे का, घेतली असेल तर खात्यात पैसे नसल्याने बंद पडली आहे का, हे विचारायला चहा प्यायचा वेळ पुरतो. दोन लाखांनी घर चालत नाही, हे मलाही कळतं. पण स्वावलंबनावर तासभर बोलणाऱ्यांपैकी हे विचारणारा मला अजून भेटायचा आहे.

‘स्वतः करा’ हा उपदेश नेमका कुणाला चालला आहे, हेही बघायला हवं. आमच्या वाड्यांतून अर्ध्या घरांची माणसं मुंबईत. मागे राहिलेल्या कितीतरी घरांत एकटी आजी किंवा दोन म्हातारी माणसं. त्यांना ‘आपलं काम आपण करावं’ सांगणं म्हणजे घर गळू द्या असं सांगणं. दुसऱ्या टोकाला मे महिन्यात आलेले चाकरमानी. वर्षभर लोकलमध्ये उभं राहून पाठ धरलेली, आणि गावी आल्यावर चौथ्या दिवशी मुलांसमोर बाबांना छपरावर चढून दाखवायचं असतं. त्यांची हौस मी समजू शकतो. मुलांना फोटोही छान मिळतो. पण कुंपण घालायला, सरपण भरायला माणसं हवीच आहेत. हौस तिथे भागवावी, तिथून कुणी बारा फूट खाली येत नाही.

घरच्या माणसाचं काम कमी नाही. पन्हळीत पानं कुठून येतात? छपरावर झुकलेल्या फांदीतून. आंबे उतरल्यावर ती माणसाकडून कापून घ्या, निम्मा कचरा तिथेच थांबतो. पाइपाच्या तोंडाला तारेची जाळी बसवून घ्या. ती पानं अडवते आणि पुढच्या वेळी गड्याचं काम सोपं होतं. पन्हळीला पुरेसा उतार आहे का ते बसवतानाच पाण्याने तपासून घ्या, कारण उतार नसलेली पन्हळ कितीही साफ केली तरी तुंबते. गच्चीचं घर असेल, कठडा छातीइतका उंच असेल आणि वर जायला जिना असेल, तर गच्चीवरच्या पाण्याच्या तोंडांतला पालापाचोळा खुशाल स्वतः काढा. तिथे माणूस बोलावलात तर मीही तुम्हाला आळशी म्हणेन. आणि पहिला मोठा पाऊस आला की छत्री घेऊन घराला एक चक्कर मारा. पाणी कुठून सांडतंय, कुठली भिंत काळी पडतेय, कुठल्या पाइपातून काहीच येत नाहीये, हे त्या दहा मिनिटांत जितकं दिसतं तितकं कोरड्या दिवसात छपरावर चढूनही दिसत नाही. ते लिहून ठेवा आणि पुढच्या खेपेला वर जाणाऱ्याला सांगा.

मृग 7-8 जूनला लागतो. चांगली माणसं मेच्या दुसऱ्या पंधरवड्यात मिळत नाहीत. मिळाली तर घाईत असतात, आणि घाईतला माणूस शिडी बांधत नाही. तेव्हा अक्षय्य तृतीयेच्या आसपासच सांगून ठेवा, दोन माणसांचे पैसे कबूल करा, घासाघीस करू नका, आणि ती येतील त्या सकाळी शिडी धरायला घरी थांबा.